माहेरची खाच

खारोळ्यात मुलाचा दुधाचा दात पडला, की तो घराच्या छपरावर फेकायची जुनी पद्धत. स्वीडनच्या शास्त्रज्ञांना नेमके तेच दात हवे होते. बायका आधी ऐकेनात. दात परदेशी गेला तर पोराचा पुढचा दात वाकडा येईल, असं एका आजीनं सगळ्या आळीत सांगून ठेवलं होतं. शेवटी तडजोड झाली. दात स्वीडनला जाईल, तिथे अर्धा कापून यंत्रात घालतील, उरलेला अर्धा विमानानं परत येईल आणि मग घरच्यांनी तो खुशाल छपरावर फेकावा. दोन देशांच्या सरकारांनी सह्या केलेल्या करारात छपराचा उल्लेख होता. तो हर्षदा निकमनं भांडून घालून घेतला होता.

हर्षदा सार्वजनिक आरोग्यात पीएच.डी. झालेली आणि या भारत-स्वीडन प्रकल्पाची इथली प्रमुख. पण खारोळ्यात तिची ओळख निकमांची सून हीच. ती इथे लग्न करून आली, तेव्हा गावाच्या उशाला बॅटऱ्यांचा कारखाना नुकता वाढायला लागला होता. जगातल्या गाड्या लिथियमवर गेल्या आणि जगभरच्या शिशाच्या जुन्या बॅटऱ्या फुटायला, वितळायला खारोळ्यात आल्या. शहाण्या देशांनी हात झटकले, आमच्यातल्या शहाण्यांनी हात पसरले. काही वर्षांत शाळेतल्या गुरुजींच्या लक्षात आलं, की वर्गातली निम्मी पोरं जोडाक्षरापाशी येऊन अडतात. आदल्या दिवशी शिकवलेलं दुसऱ्या दिवशी पाटी पुसावी तसं पुसलेलं असतं.

हर्षदाचा मल्हार त्यांच्यातलाच. आठ वर्षांचा, गोड, हट्टी, आणि 'म्ह' हे अक्षर पाहिलं की घामाघूम होणारा.

शिसं मेंदूत जातं आणि परत येत नाही, हे जगाला केव्हापासून माहीत आहे. रक्त तपासलं की ते दिसतंही. पण रक्त फक्त गेल्या महिन्याभराची गोष्ट सांगतं. पोटात असताना काय झालं, पाळण्यात असताना काय झालं, ते रक्ताला आठवत नाही. गावानं लावलेल्या खटल्यात कारखान्याचे वकील त्यावरच जगत होते. 'शिसं कुठे नसतं? रंगात असतं, नळात असतं. हे आमचंच कशावरून?' असं ते दर तारखेला विचारत आणि दर तारखेला पुढची तारीख मिळे.

दाताला मात्र सगळं आठवतं. दुधाचा दात बाळ पोटात असतानाच, चौथ्या महिन्याच्या आसपास घडायला लागतो आणि रोज एक पातळ थर चढवत जातो. आईनं त्या दिवशी जे खाल्लं, जो श्वास घेतला, त्याचा अंश त्या थरात बसतो. जन्माच्या दिवशी बाळाला जो हिसका बसतो, त्याची एक गडद रेघ उमटते. तिला जन्मरेषा म्हणतात. रेघेच्या आतलं पोटातलं, बाहेरचं जगातलं. हेल्गा लिंडमार्क या स्वीडिश बाईनं बनवलेलं यंत्र केसाहून बारीक लेसरनं एकेक थर जाळायचं, त्याची वाफ मोजायचं आणि आठवड्या-आठवड्याचा आलेख काढायचं. आणखी एक गोष्ट त्याला यायची. सगळं शिसं सारखं नसतं. त्याचे चार सख्खे भाऊ असतात, वजनानं किंचित कमीजास्त, आणि कुठल्या खाणीतलं शिसं आहे त्यावर या चौघांचं प्रमाण ठरतं. म्हणजे शिसं किती, कधीचं आणि कुठलं, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं एका दातात.

पहिली खेप वाचून झाली आणि हेल्गा वैतागली. पडद्यावर तिचा चेहरा लाल झाला होता.

"हर्षदा, माझं यंत्र बिघडलंय. निम्म्या दातांत शिसं चढत जातं आणि जन्माच्या थोडं आधी धाडकन खाली येतं. जन्मानंतर काही महिने खालीच राहतं आणि मग परत वर. निसर्गात असं होत नाही."

हर्षदानं आलेख पाहिले. मग ती खुर्चीतच हसायला लागली.

"हे दात पहिल्या मुलांचे आहेत का बघ," ती म्हणाली.

हेल्गानं पाहिलं. सगळे पहिल्या मुलांचे होते. दुसऱ्या-तिसऱ्या मुलांच्या आलेखांत ती खाच नव्हती.

"आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करतात," हर्षदा म्हणाली. "सातव्या महिन्यात ओटी भरायची आणि लेक आईकडे पाठवायची. बाळ दोन-तीन महिन्यांचं झालं की परत आणायची."

"नवऱ्याला सोडून? ऐन बाळंतपणात?"

"नवऱ्याचं काय काम तिथे?"

हेल्गानं आलेख पुन्हा एकदा पाहिले. मग तिनं हळूच विचारलं, "म्हणजे तुमच्या पणज्या-खापरपणज्यांनी हा प्रयोग आपल्यासाठी आधीच करून ठेवलाय?"

तसंच होतं ते. बाई तीच, बाळ तेच, फक्त गाव बदललेलं. गाव बदललं की शिसं थांबायचं आणि परत आलं की सुरू व्हायचं. याहून स्वच्छ पुरावा कुठल्याही प्रयोगशाळेत बनवता आला नसता. शोधनिबंधात त्याला 'माहेरची खाच' असंच नाव दिलं, आणि स्वीडनमधली माणसं जिभेला पीळ देऊन 'मा-हेर' म्हणायला शिकली. वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर आलेख छापले. कारखान्याच्या वकिलांनी पहिल्यांदाच स्वतःहून पुढची तारीख मागितली. खारोळ्यातल्या बायका हर्षदाला रस्त्यात थांबवून तिचे हात हातात घ्यायच्या, आणि तिला त्याचं सुख वाटायचं. का वाटू नये?

मल्हारचा दात दुसऱ्या खेपेत गेला होता. पाकिटावर फक्त खूण, नाव नाही, पण स्वतःच्या मुलाची खूण कोणती आई विसरेल? आलेख आला तेव्हा ती कार्यालयात एकटीच होती. मल्हारही पहिलाच, तोही माहेरी जन्मलेला. जिथे खाच हवी होती, तिथे टेकडी होती. सातव्या महिन्यापासून शिसं खाली यायच्या ऐवजी चढत गेलं होतं, जन्मरेषेशी सगळ्यांत उंच होतं आणि ती सासरी परतल्यावर उतरलं होतं. चौघा भावांचं प्रमाणही कारखान्याच्या शिशाशी जुळत नव्हतं.

दात बदलला असणार, तिनं स्वतःला समजावलं. पुढचा दात हलत होताच. तो पडल्यावर तिनं स्वतः पाकिटात घातला, स्वतः चिकटवला, स्वतः पाठवला. आलेख तोच आला.

त्या रविवारी ती माहेरी गेली. वेळंबे हे तिचं गाव, खारोळ्यापासून एसटीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. ना कारखाना, ना हमरस्ता. वडील वारल्यापासून आई, शैलाबाई, एकटीच राहायची. धाकटी पूर्वा लग्न होऊन पुण्यात नोकरीला होती.

हर्षदानं पाणी तपासलं, भिंतीचा रंग तपासला, हळद, तिखट, बाळाला घातलेलं काजळसुद्धा तपासलं. प्रकल्पानं दिलेलं हातात धरायचं धातुमापक तिच्याजवळ होतं. त्याच्या आकारामुळे सगळे त्याला पिस्तूल म्हणत. कुठेच काही निघेना. शेवटी ती स्वयंपाकघरात आली.

"आई, माझ्या बाळंतपणात तू पितळेची भांडी काढली होतीस, ती आहेत का गं?"

आईचा चेहरा फुलला. "हायत की! मोडीत घालीन व्हय मी?" तिनं वरच्या फळीवरून पातेलं आणि तपेली उतरवली. "तू यायच्या आधी मुद्दाम कल्हई करून घेतली होती. तुला दोन्ही वेळंला आमसुलाचं सार लागायचं, आठवतंय का? स्टीलमध्ये त्याला चव न्हाई. आन त्या नॉनस्टिकचा थर तर पोटातच जातो म्हणं. म्हटलं पोरीच्या आन बाळाच्या पोटात काय वंगाळ जायला नको."

नॉनस्टिकची भीती पसरल्यापासून कल्हईवाले परत दिसायला लागले होते. गॅसची शेगडी घेऊन विजेच्या दुचाकीवरून यायचे. कल्हई कथलाची करतात. पण सगळ्या जगाच्या मोबाइलना आणि बॅटऱ्यांना कथील लागायला लागलं आणि त्याचा भाव चढला. मग कुणीतरी, कुठेतरी, कल्हईच्या कांडीत शिसं मिसळायला सुरुवात केली. शिसंही तसंच पांढरं चकाकतं आणि लवकर वितळतं. कल्हईवाल्याला कांडी मिळते तशी तो वापरतो. त्यात आंबट सार उकळलं की शिसं सारात उतरतं.

हर्षदानं पिस्तूल पातेल्याच्या आत टेकवलं. पडद्यावर कथील आलं, आणि त्याच्याखाली शिसं. तिनं ते तपेलीतही टेकवलं. तेच.

"काय म्हणतंय तुझं पिस्तूल?" आईनं हसत विचारलं.

ही तीच आई होती, जी दर सुट्टीत मल्हारला मांडीवर घेऊन चिंचोक्यांनी अक्षरं लावायला शिकवायची. त्याला जमलं नाही की स्वयंपाकघरात येऊन डोळे पुसायची आणि कारखान्याला शिव्या द्यायची. 'मुडद्यांनी माझ्या नातवाचं डोकं खाल्लं,' म्हणायची. तिला आता काय सांगायचं? की ज्यांना तू शिव्या देतेस त्यांच्यापेक्षा जास्त तू दिलंस, दोन्ही वेळेला, वाढून? हर्षदाचं आईवर फार प्रेम होतं. ते नसतं तर बरं झालं असतं.

शिवाय खटला होता. हेही तिच्या मनात आलं, आणि ते काही मागून आलं नाही, बरोबरच आलं. तपासनीस बाईच्याच मुलाला तिच्या आईनंच शिसं घातलं, एवढं वाक्य कारखान्याच्या वकिलाला पुरलं असतं. खारोळ्यातल्या सगळ्या पोरांचं शिसं मग बायकांच्या चुलीवर ढकललं गेलं असतं.

"एकदम चोख आहे," हर्षदा म्हणाली.

"मग? माझी भांडी हायत ती." आईनं तपेली पदरानं पुसली.

"मला देशील ही दोन्ही? दिवाणखान्यात ठेवते. आणि तू आता ही जड भांडी उचलत बसू नकोस. स्टील वापर."

आईला आनंद आवरेना. लेकीला अजून पितळेची हौस आहे, हे तिनं हर्षदाची एसटी सुटायच्या आत शेजारी दोन घरी सांगून टाकलं. आपल्या भांड्यांना स्वीडनचं पिस्तूल लावलं, हेही सांगितलं. हर्षदानं भांडी खारोळ्यात आणून माळ्यावर टाकली आणि सुटकेचा श्वास सोडला. आईनं पुन्हा कुणासाठी त्यात शिजवायचा प्रश्नच नव्हता, असं तिला वाटलं.

पुढच्या बैठकीत हेल्गानं विचारलंच. "एक नमुना अगदी उलटा आलाय. पहिलं मूल, पण माहेरी शिसं वाढलंय. मला तो फार महत्त्वाचा वाटतो."

"त्याची अदलाबदल झाली असावी."

"त्याच मुलाचा दुसरा दातही आहे. तोही तसाच."

"दोन्ही एकाच घरातून गोळा केलेत. तिथलं मला खात्रीचं वाटत नाही. वगळूया."

हेल्गानं त्या नमुन्यावर काट मारली. "जमिनीवरची माणसं तुम्ही आहात," ती म्हणाली. "तुझा शब्द शेवटचा." करारातच तसं लिहिलं होतं. पूर्वी परदेशी लोक इथे येऊन आपलंच खरं करायचे म्हणून या वेळी हर्षदानंच ते कलम मागून घेतलं होतं.

गावानं खटला जिंकला. कारखान्याला टाळं लागलं नाही, आपल्याकडे एवढं सहसा होत नाही. पण धुराड्यांवर गाळण्या बसवायचा हुकूम झाला आणि त्या बसेपर्यंत मुदत मिळाली. मुदतीपुरतं लोकांनी काय करायचं? आरोग्य खात्यानं प्रकल्पाला सल्ला विचारला. हेल्गा उत्साहात होती. खाच हाच उपाय, ती म्हणाली. बायकांना सातव्याऐवजी चौथ्या महिन्यातच, दात घडायला लागतो तेव्हाच माहेरी पाठवा. पहिल्या खेपेलाच कशाला, प्रत्येक खेपेला पाठवा. औषध नको, यंत्र नको, लोकांना परकं वाटेल असं काही नको.

"एकदा माहेरची घरंही तपासूया का?" हर्षदानं विचारलं. आवाज शक्य तितका सहज ठेवला होता. "पाणी, रंग, भांडी वगैरे."

"तपासूया की. पण शेकडो गावं आहेत, त्याला वेगळा निधी मागावा लागेल. माहेरी धोका असल्याचा आपल्याकडे एखादा तरी पुरावा आहे का?" हेल्गानं विचारलं.

बैठकीत सगळे तिच्याकडे बघत होते.

"नाही," हर्षदा म्हणाली.

तर 'माहेर योजना' सुरू झाली. खारोळ्यापुरती निघालेली, पण बातमीनं राज्यभर गेली. शहरातल्या मुलीही म्हणायला लागल्या, की इथल्या हवेत कशाला, आपण आईकडेच जावं. दवाखान्यांच्या भिंतींवर चित्रं लागली, हसरी गर्भारशी एसटीत चढते आहे. खाली लिहिलं होतं, 'लवकर निघा, बाळ हुशार होईल.'

पूर्वाला दिवस राहिले तेव्हा हर्षदा स्वीडनला निघाली होती. हेल्गाच्या प्रयोगशाळेनं तिला अभ्यासवृत्ती दिली होती. पुण्याहून पूर्वाचा फोन आला. "ताई, चौथा लागला की मी आईकडे जातेय. तुझंच संशोधन आहे, मग घरच्यांनी नको पाळायला?"

"जा," हर्षदा म्हणाली. तिच्या डोळ्यांसमोर ते पातेलं आलं. पण भांडी आपल्या माळ्यावर आहेत, हे आठवून ती शांत झाली.

पुढचे महिने ती पडद्यावरच माहेर बघत होती. पूर्वाचं पोट वाढत होतं. आई खूश होती, दर वेळी म्हणायची, "तुझ्यासारखंच सगळं चाललंय बघ हिचं. काय कमी पडू देत न्हाई." तुझ्यासारखंच म्हणजे काय, हे हर्षदानं विचारलं नाही. विचारायला भीती वाटावी असं काही उरलंय, हे तिनं स्वतःशी कबूलच केलं नव्हतं.

मुलगी झाली. हर्षदा परत आली ती मल्हारला घेऊन थेट वेळंब्याला. मल्हार अंगणातच रेंगाळला. आत पूर्वा बाजेवर बसून अळिवाची खीर खात होती, बाळ शेजारी झोपलेलं. आई हातातल्या तपेलीतून उरलीसुरली खीर तिच्या वाटीत निपटून घालत होती. तपेली पितळेची होती, आणि आतून पांढरीशुभ्र.

"ही कुठली?" हर्षदानं विचारलं. बॅग तिच्या खांद्यावरच होती.

"बघितलंस व्हय लगीच!" आई हसली. "तुझी तू घेऊन गेलीस, मग पूर्वाला नकोत व्हय? मोडीवाल्याकडनं चांगली जड बघून घेतली. पातेलं, तपेली आन एक कढई. कल्हई आपल्या त्याच माणसाकडनं. तू चोख म्हणाली हुतीस, म्हटलं दुसरा कशाला शोधा? आता आजूबाजूच्या बायाबी त्याच्याकडनंच करून घेत्यात, पोरी माहेरी यायच्या म्हणल्यावर."

"कधीपासून शिजवतेस यात?"

"ती आली तवापासनं. जड हायत खरी. पर एवढं करायला काय झालं?"

हर्षदा पुढे झाली आणि पूर्वाच्या वाटीवर तिनं हात ठेवला. "खाऊ नकोस."

"काय गं?"

"खाऊ नकोस म्हणते ना! आई, मी तेव्हा खोटं बोलले. त्या भांड्यांत शिसं होतं. कल्हईत होतं. मल्हारच्या दातात तेच निघालं."

आईनं तपेली खाली ठेवली नाही, उलट छातीशी धरली. ती रडेल असं हर्षदाला वाटलं होतं, ओरडेल असंही वाटलं होतं. इतकी वर्षं ती या घडीला घाबरत आली होती.

"म्हंजे कारखाना न्हाई," आई म्हणाली. "माझ्या हातनं झालं."

"कारखान्याचंही होतंच गं. आणि तुला काय माहीत होतं? तुझी काही चूक नाही."

"मला म्हाईत न्हवतं, हर्षू," आई म्हणाली. "तुला म्हाईत हुतं."

हर्षदानं खांद्यावरची बॅग खाली ठेवली. वकिलांना, मंत्र्यांना, परदेशी विद्वानांना तिनं आजवर गप्प केलं होतं.

बाळ जागं झालं आणि भुकेनं रडायला लागलं. पूर्वाचे हात सवयीनं गाऊनच्या गुंड्यांकडे गेले आणि तिथेच थांबले.

"ताई," ती म्हणाली, "दुधातनं पण जातं का ते?"

"अगदी थोडं. पाज तू. उद्या दोघींचं रक्त तपासून घेऊ, पण दूध थांबवायचं नाही. पाजण्यानं होणारा फायदा त्या शिशापेक्षा कितीतरी मोठा आहे."

हे खरं होतं. यावर तिनं स्वतः काम केलं होतं आणि जगातल्या कुठल्याही डॉक्टरनं हेच सांगितलं असतं. पूर्वानं बाळाला उचललं, मांडीवर घेतलं, पण पाजायला घेतलं नाही. ती हर्षदाच्या तोंडाकडे बघत होती, आणि बाळाचं रडणं वाढत चाललं होतं.

"खरं सांगतेस ना, ताई?" तिनं विचारलं.